झेरॉक्सला प्रस्थान लागत नाही

ज्ञानासाठी देश सोडून जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी वडीलधाऱ्यांचा अनुभव उभा असतो, आणि त्या शिदोरीवरच तो परक्या मुलखात तग धरतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दर भाद्रपदात एक फ्लेक्स लागतो, त्यावर ते छापलेलं असतं आणि खाली अनुभवी माणसांचे फोटो असतात. यंदाही लागला आहे. फोटोतल्या सगळ्यांना मी ओळखतो. त्यांतल्या एकानं बिदरचा किल्ला पाहिला आहे, एकजण सहकुटुंब तिरुपतीला जाऊन आला आहे, बाकीच्यांचं परदेशगमन बार्शीला संपतं.

धाराशिवातला भाद्रपद पूर्वी साधा महिना होता. मूग आणि उडीद निघालेले असायचे, गच्च्यांवर शेंगा वाळत पडायच्या, शिवारात सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असायचं. पडायचं की नाही हे पावसाचं ठरत नसायचं, त्यामुळं दोरीवरचे कपडे आणि गच्चीवरच्या शेंगा दिवसभर आतबाहेर करत बसावं लागे. अलीकडं या महिन्याला आणखी एक पीक येतं, परदेशी शिकायला निघालेल्या पोरांचं. तिकडची विद्यापीठं दसऱ्याच्या आसपास उघडतात. गल्लीतून येसूर भाजल्याचा वास यायला लागला की ओळखावं, कुणाचं तरी पोरगं निघालं. येसूर म्हणजे आमच्याकडं आमटी दाट करायला घालतात ते खमंग, काळसर, तिखट पीठ. एरवी ते वाटीनं करतात. पोरगं परदेशी निघालं की डब्यानं करतात, जणू तिकडं कुठल्या मंगल कार्यालयाची आमटी त्यालाच ढवळायची आहे. त्या वासात नव्याकोऱ्या बॅगेचा रबरी वास मिसळतो आणि दोन्हींच्या वर उदबत्तीचा. कारण सत्कार सुरू झालेले असतात.

यंदा समोरचा ओंकार आयर्लंडला चालला आहे. त्याची आई परवा आली आणि म्हणाली, "तुमच्या ऋतुजाच्या येळंला काय काय केलं होतं ते सांगा की. तुमाला अनुभव हाय." म्हणजे आता मीही अनुभवी झालो. फ्लेक्सवर फोटो यायचाच काय तो बाकी आहे.

ऋतुजा माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. तिनं कृषी अभियांत्रिकी केलं आणि माती-पाण्याच्या पुढच्या अभ्यासासाठी तिला जर्मनीत प्रवेश मिळाला. ही बातमी गल्लीत पसरली त्या संध्याकाळपासून ती निघेपर्यंत सुनंदाच्या घरी चहाचं पातेलं गॅसवरून उतरलं नाही. सल्ला द्यायला येणाऱ्या माणसाची एक ठरलेली चाल असते. तो आधी चपला काढतो, मग "मी काही फार बोलणार नाही" असं म्हणतो, आणि मग उठत नाही.

"काय शिकायला चाललीस म्हणं?" एका काकांनी विचारलं.

"माती," ऋतुजा म्हणाली.

"माती? ती काय कमी हाय व्हय हितं?"

निदान त्यांनी विचारलं तरी. बाकीच्यांनी ती काय शिकणार, कुठल्या गावात राहणार, हे विचारण्यात वेळ घालवला नाही. सल्ला हा ऐकणाऱ्यासाठी नसतोच, बोलणाऱ्याच्या तब्येतीसाठी असतो. तिकडं थंडी लई, डोक्याला रोज तेल लाव. तिकडं कुणाच्यात जास्त मिसळू नको. तिकडं एकटीनं राहू नको, सगळ्यांत मिसळ. हे शेवटचे दोन सल्ले एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन सख्ख्या भावांनी दिले आणि दोघांनीही एकमेकांकडं बघून माना डोलावल्या. शिस्तीवर बोलायला एक निवृत्त अधिकारी आले होते. जर्मन माणूस कसा घड्याळाच्या काट्यावर चालतो हे त्यांनी सविस्तर सांगितलं. ते येणार म्हणून घरातल्यांनी जेवणं थांबवली होती आणि अखेर वाट बघून उरकून घेतली होती.

सत्कारांचं मी काय सांगावं. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधलेली ऋतुजा दर फोटोत अशी दिसते की जणू नुकतीच सरपंचपदाची निवडणूक हरली आहे. शालींचा ढीग झाला. सत्काराची शाल उबेसाठी नसते, तिची घडी मोडायची नसते. ती पुढच्या सत्कारमूर्तीकडं सरकवायची असते. जर्मनीच्या थंडीसाठी त्यांतली एकही शाल निघाली नाही आणि एकही शाल वाया गेली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं आमच्या जिल्ह्यात अवघड नाही.

बॅगेचं वजन करायला आम्ही बाजारातल्या आडत दुकानात गेलो. उडदाच्या पोत्यांच्या रांगेत ती निळी बॅग काट्यावर ठेवली आणि ती विमानाच्या मापात बसेना. सुनंदानं तिथंच बॅग उघडली आणि पहिल्यांदा पुस्तकं काढली. येसूर राहिला, लाडू राहिले, कुंथलगिरीचा पेढा राहिला. ऋतुजानं पुस्तकं काखेत धरली आणि मापाड्याला विचारलं, "काका, काटा बरोबर हाय ना?" तो म्हणाला, "शेतकऱ्याला इचार, तो न्हाय म्हनंल." पुस्तकं मग ती पाठीवरच्या पिशवीतून घेऊन गेली.

या सगळ्यांचे मेरुमणी अप्पा. सुनंदाच्या शेजारचं घर त्यांचं. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानाला पुरेल असा. गल्लीतल्या प्रत्येक पोराची परीक्षा, सोयरीक आणि नोकरी अप्पांच्या सल्ल्यानं पार पडते. जी पार पडत नाही तिथं सल्ला नीट ऐकलेला नसतो. परदेशाबाबत त्यांचे तीन नियम होते. पासपोर्ट जिवापेक्षा जपायचा. तो परक्याच्या हाती द्यायचा नाही. तो रिकाम्या घरात ठेवायचा नाही. तिन्ही नियम बरोबर आहेत. पुढचा सगळा घोटाळा या तीन बरोबर नियमांतून झाला.

झालं असं, की विमानाचं तिकीट नेमकं पितृपक्षात निघालं. विमान कंपन्या पंचांग बघत नाहीत. सुनंदाचा चेहरा उतरला. ती तशी समजूतदार बाई, शाळेत शिकवते, विज्ञानच शिकवते. पण एकुलती मुलगी सात समुद्रांपलीकडं चालली आणि निघायचा दिवस श्राद्धाचा, हे तिला गिळवेना. तारीख पुढं ढकलावी म्हटलं तर तिकडं प्रवेश पक्का करायची मुदत होती. त्या दिवशी ऋतुजा समोर हजर नसली तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आदल्या वर्षीही तिला प्रवेश मिळाला होता आणि व्हिसा उशिरा आल्यानं हातचा गेला होता. ते वर्ष तिनं खोलीचं दार लावून घरात कसं काढलं ते सुनंदानं पाहिलं होतं. त्यामुळं थांब म्हणवत नव्हतं आणि जा म्हणवत नव्हतं.

तोड अप्पांनी काढली. प्रस्थान ठेवायचं. ही जुनी पद्धत आहे. प्रवासाचा दिवस चांगला नसेल तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान उंबऱ्याबाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग तो प्रत्यक्षात कितीही दिवस घरात लोळत पडो. फक्त ते सामान परत घरात आणायचं नाही, निघताना शेजाऱ्याकडून परस्पर उचलायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते. नियम पाळल्याचं समाधान आणि न पाळल्याची सोय, दोन्ही एका पिशवीत मावतात.

साधारणपणे त्या पिशवीत कपड्यात बांधलेली सुपारी आणि हळकुंड असतं. अप्पांना ते पुरेसं वाटलं नाही.

"सुपारीनं एसटीचा प्रवास भागतो," ते म्हणाले. "हा परदेशाचा आहे. ज्याच्यावाचून प्रवासच होत नाही, ती वस्तू पाहिजे. पासपोर्ट ठेवा."

"अप्पा, झेरॉक्स ठेवू का?" ऋतुजानं विचारलं.

"झेरॉक्सला प्रस्थान लागत नाही."

"आणि पासपोर्ट हरवला तर?"

"माझ्या घरातून?" अप्पा म्हणाले, आणि विषय संपला. ऋतुजानं आईकडं बघितलं. सुनंदा सुपारी शोधायला उठलीही होती. ऋतुजानं उठून पासपोर्ट आणला. त्याला आमच्याच एका हितचिंतकानं दिलेलं अस्सल चामड्याचं पाकीट होतं. गणपती बसलेले होते त्या दिवसांतल्या एका चांगल्या मुहूर्तावर सुपारी, हळकुंड आणि पासपोर्ट एका पिशवीत घालून अप्पांच्या घरी पोचते झाले. मुलगी निघाली, असं मानून सुनंदा त्या दिवशी नीट जेवली.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीवाल्या गफारभाईंनी गाडी दारात लावली. बॅगा टपावर चढल्या. सुनंदाचे यजमान प्रमोदराव पंचायत समितीत कारकून. त्यांनी निळ्या बॅगेला ओळखू यावी म्हणून पिवळी नायलॉनची दोरी बांधली आणि ती पुन्हा सोडून पुन्हा बांधली, कारण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मी अप्पांच्या घरी प्रस्थान आणायला गेलो. दाराला कुलूप होतं.

पलीकडच्या लताबाई अंगण झाडत होत्या. "अप्पा पहाटंच सोनारीला गेले की. वडलांचं श्राद्ध न्हाय का आज, भावाच्या घरी. पिशवी बी घिऊन गेले."

"पिशवी कशाला?"

"मी इचारलं तर म्हणले, रिकाम्या घरात ठेवायची नसती."

फोन लावला, तो बंद होता. अप्पा सोवळ्यात असले की फोनला शिवत नाहीत. त्यांचा हिशेब मला हळूहळू उलगडत गेला. विमान पुण्याहून होतं, आणि पुण्याची वाट थोडी वाकडी केली की सोनारी लागते. म्हणजे पिशवी तिथं नेली की प्रस्थान एक मुक्काम पुढं सरकलं, शास्त्रही सांभाळलं आणि पासपोर्टही. आम्ही जाता जाता ती घेणार हे इतकं उघड होतं, की ते कुणाला सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती.

बार्शीवरून परांड्याकडं जाताना दोन्ही बाजूंनी उसाचे फड आणि मधेच पिवळी सोयाबीन. जिनं महिनाभर सल्ले ऐकले, तिला त्या दोन-अडीच तासांत एकानंही सल्ला दिला नाही. परदेशगमनाच्या तयारीतला तो सगळ्यात शांत काळ होता. एकदा गफारभाई म्हणाले, "ताई, पासपोर्ट सासरी गेल्यावानी गेलाय बघा. आता आनायला मुराळी पायजे." ऋतुजा हसली. सुनंदा हसली नाही, ती खिडकीतून बाहेर बघत एकच वाक्य मधूनमधून म्हणत होती, "मिळंल ना गं." ती पासपोर्टाबद्दल बोलत नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आदल्या वर्षीचा तो खोलीचा बंद दरवाजा गाडीत आमच्याबरोबर बसला होता.

सोनारीच्या घरात खिरीचा, वड्यांचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास भरला होता. माजघरात अप्पा सोवळं नेसून, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन, बोटात दर्भाचं पवित्रक घालून बसले होते. समोर गुरुजी. अप्पांच्या मागं खुंटीला ती पिशवी लटकत होती. आम्ही दारात उभे राहिलो आणि परिस्थिती ध्यानात आली. आतली माणसं सोवळ्यात, त्यांना चामड्याला हात लावता येत नव्हता. बाहेरची माणसं ओवळ्यात, त्यांना आत येता येत नव्हतं. इतका सुरक्षित पासपोर्ट मी आजवर पाहिलेला नाही.

अप्पांनी आम्हाला बघितलं. मंत्र चालू होता. त्यांनी हातानं 'थांबा' अशी खूण केली आणि मोठ्यानं पुढचा मंत्र म्हटला.

"थांबा की जरा," अप्पांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या. "पिंड होऊ द्या. मग पानं वाढायची, ब्राह्मण जेवले की सोवळं सुटतं. मग देते बाई काढून. तुमीबी जेवूनच जावा."

"काकू, विमान हाय," ऋतुजा म्हणाली.

"अगं, विमान कुठं जातंय."

प्रमोदरावांनी घड्याळ बघितलं आणि ते बंद पडलं असावं असा चेहरा केला. मी एकदा खाकरलो. खाकरणं हा माझ्या पिढीनं अडचणीच्या वेळी शोधलेला उपाय आहे, त्याचा अजून कुणाला गुण आलेला नाही. सुनंदा दाराची चौकट धरून उभी होती. ती म्हणाली, "थांबू या गं. निघताना कुणाचे पितर दुखवायचे."

ऋतुजानं आईकडं बघितलं. मग ती अंगणात गेली, हौदातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि माजघरात शिरली. अप्पांच्या मागून, भिंतीला लागून, अंग चोरून, जसं एखादं माणूस पावसात पन्हाळीखालून जातं तशी. तिनं खुंटीवरची पिशवी काढली. काकू आतून "शिवलीस गं बाई सगळ्याला" असं म्हणाल्या, पण रागानं नाही, दूध उतू गेल्यावर म्हणतात तसं. मंत्र थांबला. अप्पा तोंड उघडून बसले. चाळीस वर्षं वर्गात कुणी न विचारता उठलेलं त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गुरुजींनी पळीभर पाणी घेतलं, सगळीकडं शिंपडलं आणि म्हणाले, "झालं शुद्ध. हं, पुढं चला. मला अजून शेळगावला एक घर करायचंय."

शास्त्र आणि सोय यांचा मेळ घालणं महिनाभर कुणाला जमलं नव्हतं, ते एका पळीत आटोपलं. ऋतुजा दारात येऊन वळली आणि लांबूनच वाकली. "नमस्कार करते अप्पा. जवळ आले असते, पण तुम्हाला परत आंघोळ पडली असती."

अप्पांनी पवित्रकाचा हात वर केला. आशीर्वाद देणार असं वाटलं. ते म्हणाले, "पासपोर्ट जपून ठेव."

"हो अप्पा. आता माझ्याजवळच ठेवते."

गाडीत बसल्यावर तिनं पिशवी उघडली, पासपोर्ट काढून खिशात घातला, आणि सुपारी नि हळकुंड आईच्या हातात ठेवलं. "हे तुझ्याकडं राहू दे. मी परत येईपर्यंत." सुनंदानं मूठ मिटली ती पुण्यापर्यंत उघडली नाही. गफारभाई म्हणाले, "घावला न्हवं? मग आता वाटंत कुनी देवाला उतरायचं नाव काढू नगा." कुणी काढलं नाही. विमान मिळालं. प्रवेशही झाला.

ऋतुजा अधूनमधून रविवारी फोन करते. रविवारी तिकडं दुकानं बंद असतात, हे आमच्याकडच्या एकाही अनुभवी माणसानं तिला सांगितलं नव्हतं, त्यामुळं पहिला रविवार तिनं लाडवांवर काढला. म्हणजे लाडू कामाला आले, असं सुनंदा म्हणते, आणि मी वाद घालत नाही. येसूर अजून संपलेला नाही. प्रमोदरावांच्या पिवळ्या दोरीवर ती खोलीत कपडे वाळत घालते. खरी अडचण थंडीची नव्हती, म्हणते. संध्याकाळी सगळा मजला शांत होतो आणि आपण दिवसभरात कुणाशी बोललोच नाही हे ध्यानात येतं, ती होती. त्यावर काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नाही. ती आपणहून शेजारच्या दारावर गेली आणि मीठ मागितलं. मीठ तिच्याकडं होतं. मी तिला विचारलं, ओंकारला काय सांगू? ती म्हणाली, "भात करायला शिक म्हणावं. कचेरीची, बँकेची आलेली पत्रं त्याच दिवशी उघडून वाच म्हणावं. आणि मामा, त्याला जरा वेळ एकट्याला बसू द्या."

ते मी ओंकारच्या आईला सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "ते व्हय. पन काय काय द्यायचं बरुबर?"

काल संध्याकाळी समोरच्या घरी ओंकारचा सत्कार झाला. शाल मला ओळखीची वाटली. ओंकार फेटा बांधून बसला होता आणि त्याच्या बाजूला अप्पा उभे राहून तीन नियम सांगत होते. पासपोर्ट जिवापेक्षा जपायचा, परक्याच्या हाती द्यायचा नाही, रिकाम्या घरात ठेवायचा नाही. आवाज पूर्वीसारखाच आहे. सोनारीचा प्रसंग त्यांनी सांगितला नाही, मात्र ऋतुजा आपल्या मार्गदर्शनाखाली गेली याचा उल्लेख दोनदा केला. ओंकारचं तिकीटही पितृपक्षातलंच निघालं आहे. त्यामुळं भाषणानंतर प्रस्थान ठेवण्याचा कार्यक्रम झाला आणि पिशवी रीतसर अप्पांच्या हाती देण्यात आली. पिशवीत सुपारी होती, हळकुंड होतं आणि पासपोर्टाची झेरॉक्स होती. झेरॉक्स अप्पांनी स्वतः काढून आणली होती. रंगीत.